हाताने शिवलेल्या वह्या: लाइक भरपूर, विक्री तुटपुंजी. नेमकं कुठे अडतंय?

जुजबंदी_वही

नमस्कार मंडळी. हाताने शिवलेल्या वह्या विकते. मुख्य माप एकच: ए५, १२० जीएसएमचा (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा) कोरा कागद, प्रत्येकी ४ कागदांची १० जुजं (दुमडून एकात एक घातलेल्या कागदांचे गठ्ठे), म्हणजे ८० पानं. २ मिमीचा पुठ्ठा, वर सुती कापड. वही कुठल्याही पानावर सपाट उघडते.

ज्यांनी घेतल्या ते परत घेतात, त्यामुळे मालाबद्दल शंका नाही. अडतंय ते नवीन गिऱ्हाइकापाशी. गेल्या ३० दिवसांत इन्स्टाग्रामच्या पोस्ट ४२०० जणांपर्यंत पोचल्या, १८० जणांनी प्रोफाइल उघडलं, २२ जणांनी लिंक दाबली, १४ जणांनी निरोप पाठवून चौकशी केली आणि वह्या गेल्या ५.

साहित्याच्या खर्चाची तिप्पट ही किंमत लावते, ते बरोबर आहे का? भेटवस्तूंचं एक दुकान वह्या ठेवायला तयार आहे, पण जांगडीवर (विकली तरच पैसे, नाहीतर माल परत), आणि विकली गेली तर ४० टक्के त्यांचे. द्याव्यात का? पोस्ट बूस्ट करायला पैसे घालावेत का? शिवाय कुरिअरने जाताना कोपरे चेपतात, त्यावर काय करता? आधी कशाला हात घालू तेही सांगा.

आकडेमोड

किंमत आधी. ती चुकली असेल तर जितकं जास्त विकाल तितक्या खड्ड्यात जाल.

साहित्याची तिप्पट हा हिशेब अशा कामाला लागूच पडत नाही. कागद, पुठ्ठा, कापड, दोरा हा वहीतला लहान वाटा. मोठा वाटा वेळेचा, आणि तोच कुणी मोजत नाही. एकेक वही मोजू नका. १० नगांची बॅच घ्या आणि कामागणिक घड्याळ लावा. सराव असलेल्या हाताला नगामागे साधारण असं पडतं: कागद दुमडून घडी दाबणं ६ मिनिटं, आरीने भोकं ४, शिवण ३५, कण्याला सरस आणि जाळीचं कापड ८, पुठ्ठ्यावर कापड चढवणं २०, शिवलेला गठ्ठा कव्हरात बसवणं १०. एकूण ८३. बहुतेकांचा हिशेब इथे संपतो. पण फोटो, निरोपांना उत्तरं, पॅकिंग, कुरिअरपर्यंतची फेरी हे नगामागे आणखी २२ मिनिटं तरी खातं. झाली १०५ मिनिटं, म्हणजे पावणेदोन तास.

त्याला तासाच्या दराने गुणा. दर ठरवताना हेच काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं झालं तर त्याला काय द्यावं लागेल, असं विचारा. स्वतःला किती हवेत असं विचारलंत की आकडा हमखास कमी येतो. त्यात साहित्य मिळवा, साहित्यावर १० टक्के नासधूस धरा (कापडाची कातरण, चुकीची भोकं पडलेली जुजं), आणि आरी, सुया, कटरची पाती, वीज, इंटरनेट यांचा महिन्याचा खर्च महिन्याच्या नगांनी भागून जो येईल तो. ही झाली लागत. नफा याच्या वर. स्वतःची मजुरी म्हणजे नफा नव्हे.

आता कमिशन. इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. समजा तुमच्या हातात १०० यायला हवेत आणि दुकान ४० टक्के घेतं. १०० मध्ये ४० मिळवून १४० किंमत लावली, तर दुकान १४० चे ४० टक्के, म्हणजे ५६ घेईल आणि तुमच्या हातात ८४ राहतील. कमिशन विक्रीच्या किमतीवर असतं, लागतीवर नसतं. म्हणून भागाकार करायचा: १०० भागिले ०.६० म्हणजे १६७. ऑनलाइन बाजारपेठ १५ टक्के कापत असेल तर १०० भागिले ०.८५, म्हणजे ११८.

आणि हा १६७ चा आकडा सगळीकडे एकच ठेवा. दुकानात एक किंमत आणि तुमच्या पानावर कमी, हे दुकानदाराला कळलं की पुढच्या वेळी कप्पा मिळत नाही.

आकडा फार वर गेला तर सवलतीच्या मागे लागू नका. १०० च्या विक्रीत ३० सुटत असतील तर २० टक्के सवलतीनंतर १० सुटतात. तेवढ्याच नफ्याला तिप्पट नग विकावे लागतील, आणि तेही हाताने शिवून. त्यापेक्षा मिनिटं कमी करा. भोकांसाठी व्ही आकाराची लाकडी घोडी आणि पुठ्ठ्याची खुणेची पट्टी वापरली तर भोकं नेमकी घडीवर पडतात आणि शिवताना सुई अडत नाही. शिवाय ४ जुजांची ए६ वही काढा: लागत बरीच खाली येते आणि कमी पैसे घेऊन आलेल्यालाही घेण्यासारखं काही राहतं.

खिडकीचा_उजेड

फोटोंबद्दल. वही सुंदर दिसणं हे फोटोचं अर्धंच काम. दुकानात माणूस वही हातात घेतो, उघडतो, पान चिमटीत धरतो, मागे वळवून बघतो. ऑनलाइन त्याला यातलं काहीच करता येत नाही, तेव्हा ते फोटोने करून द्यायचं.

निदान ७ फोटो लागतात. समोरून. कणा आणि टाके, अगदी जवळून. मधलं जुज सपाट उघडलेलं, हाताने न दाबता. एक पान उजेडासमोर उभं धरलेलं. लिहिलेलं पान आणि त्याचीच मागची बाजू शेजारी शेजारी, म्हणजे शाई पलीकडे उतरते का ते दिसतं. मापासाठी हातात धरलेली वही. नुसतं "ए५" लिहून बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. आणि शेवटी पॅकिंगसकट, कारण अनेक जण भेट द्यायला घेतात.

वही खिडकीपासून हातभर अंतरावर ठेवा, उजेड एका बाजूने येऊ दे, थेट ऊन नको. विरुद्ध बाजूला पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा उभा करा, म्हणजे सावलीची बाजू काळी पडत नाही. कापडाचा पोत दिसायचा तर उजेड तिरकाच हवा. समोरून आला की सगळं सपाट होतं. खोलीतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा, आणि दोन्ही एकत्र आले की कागद एका कडेला पिवळा आणि दुसऱ्या कडेला निळा दिसतो. ते नंतर कुठल्याही ॲपने धड निघत नाही.

फोनची वाइड लेन्स जवळून वापरली तर चौकोनी वही समलंब दिसते. दोन पावलं मागे जा आणि २एक्स झूम वापरा. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. गडद लाल कापडाला हे हमखास लागतं, नाहीतर लाल रंग फुटतो आणि विणच दिसत नाही.

सुती कापडाची आणखी एक खोड: बारीक विणीवर फोटोत तरंगांसारखे पट्टे उमटतात. ते कापडावर नसतात; वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांत गुंततात म्हणून दिसतात. अंतर किंवा कोन जरासा बदलला की जातात. मोठ्या पडद्यावर तपासून मगच टाका, नाहीतर गिऱ्हाईक विचारतं की कापडावर डाग आहेत का.

जुजबंदी_वही

मापासाठी हातातला फोटो आणि पानाची मागची बाजू, दोन्ही माझ्याकडे नाहीत. किमतीचं गणितही नव्याने करायला घेतलंय.

१४ चौकश्या उघडून पाहिल्या. ९ जणांनी फक्त "किंमत?" विचारलं, त्यांतल्या २ जणांनी घेतली. ३ जणांनी फाउंटन पेनची शाई फुटते का असं विचारलं, त्या तिघांनीही घेतली. दोघांना रेघा हव्या होत्या, ते गेले.

मथळा_आणि_मजकूर

या तीन ओळींत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. शाईचं विचारणारे तीनपैकी तीन, किंमत विचारणारे नवांपैकी दोन. आकडे लहान आहेत, छातीठोक काही सांगता येणार नाही, पण दिशा दिसते. तुमची वही "सुंदर वही" म्हणून विकली जात नाहीये, शाईपेनाने लिहिणाऱ्याची वही म्हणून विकली जातेय. मग पोस्टमध्ये तसं लिहा की.

प्रोफाइलच्या पहिल्या ओळीत "हातांनी आणि प्रेमाने घडवलेलं" छापाचं काही असेल तर काढा. ते प्रत्येकाच्या प्रोफाइलवर असतं आणि त्यावरून काय मिळतं ते कळत नाही. "शाईपेनासाठी हाताने शिवलेल्या वह्या, १२० जीएसएम, सपाट उघडणाऱ्या" एवढं पुरे. १८० जण प्रोफाइलवर येतात आणि २२ च लिंक दाबतात, म्हणजे आल्यावर त्यांना पुढे काय करायचं ते उमगत नाहीये. वर पिन केलेल्या तीन पोस्ट अशा ठेवा: एकीत सध्या उपलब्ध वह्या किमतीसह, दुसरीत शाईची चाचणी, तिसरीत मागणी कशी नोंदवायची आणि किती दिवसांत पोचते.

किंमत लपवू नका. "किमतीसाठी निरोप पाठवा" लिहिल्याने चौकश्या वाढलेल्या दिसतात, पण वाढतात त्या अशाच: नऊ विचारतात, दोन घेतात, आणि नवांनाही उत्तर तुम्हीच टाइप करता. किंमत समोर असली की ज्याला झेपत नाही तो आधीच पुढे जातो, आणि संकोचाने न विचारणारा थांबतो. हा दुसरा माणूस तुमच्या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

वर्णनात हे असू द्या: बंद वहीचं माप मिमीमध्ये, वजन, पानं आणि पृष्ठं दोन्ही (८० पानं म्हणजे १६० पृष्ठं, यावरून वाद होतात), कागदाचं जीएसएम आणि रंग पांढरा की मोतिया, कोरा की रेघांचा, कोणत्या शाईने आणि कोणत्या जाडीच्या निबने चाचणी घेतली, शाई कुठे फुटते. रुंद निबने पलीकडे उतरत असेल तर तेही लिहा. शाईपेनवाले चिकित्सक असतात. उणीव आधीच सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास बसतो.

एट्सीसारख्या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारपेठेवर गेलात तर तिथला हिशेब वेगळा: मथळ्याला १४० अक्षरं, आणि १३ टॅग, प्रत्येकी २० अक्षरांपर्यंत. "वही" असा एकशब्दी टॅग वाया जातो. शोधणारा दोन-तीन शब्द टाइप करतो, तेव्हा वापर, माप, बांधणी, कोणाला भेट द्यायची, असे निरनिराळे शब्दगट १३ ठिकाणी पसरा. तेरावा टॅग रिकामा ठेवू नका.

रेघांच्या वहीबद्दल: दोघांनी विचारलं म्हणून छापायला धावू नका. वहीबरोबर गडद रेघांचा एक सुटा ए५ कागद द्या, पानाखाली ठेवून लिहिता येतं. १२० जीएसएममधून रेघा पुरेशा दिसतात का ते मात्र आधी दिवसाउजेडी आणि दिव्याखाली, दोन्हीकडे पाहा. मोतिया कागदात त्या फिक्या पडतात.

ढोलताशा_नको

बूस्टबद्दल थोडक्यात: आत्ता नको. १८० पैकी १५८ जण दारातून परत जातायत. पैसे देऊन आणखी माणसं आणली तर तीही परतच जातील. आधी वरचं सगळं दुरुस्त करा, महिनाभर आकडे बघा, मग ठरवा.

करालच तेव्हा आधीच चांगली चाललेली पोस्ट उचला, आणि चांगली म्हणजे लाइकवाली नव्हे. सेव्ह आणि शेअर किती झाले ते पाहा. लाइक देऊन माणूस पुढे सरकतो, सेव्ह करणारा परत येणार असतो. उद्दिष्ट विचारलं जाईल तिथे निरोप किंवा वेबसाइट भेट निवडा. ७ दिवस चालवा आणि मध्ये फोटो, किंमत, मजकूर काहीही बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

रील करत असाल तर अजून एक. व्यवसाय खात्याला इन्स्टाग्राम सगळी लोकप्रिय गाणी वापरू देत नाही, आणि दुसऱ्या मार्गाने टाकलेल्या गाण्याचा आवाज नंतर बंद होऊ शकतो. गाण्याची गरजही नाही. मेण लावलेला दोरा कागदातून ओढतानाचा आवाज हीच तुमच्या रीलची जमेची बाजू. पंखा बंद करा, फोन हातभर अंतरावर ठेवा.

गठ्ठा_बांधणी

@ढोलताशा_नको, बूस्टबाबत सहमत, पण जुनं गिऱ्हाईक सगळे विसरलात. त्या स्वतःच म्हणतायत की घेणारे परत घेतात. ८० पानांची वही रोज एक पृष्ठ, तेही पानाच्या एकाच बाजूला लिहिलं तर ८० दिवसांत संपते, दोन्ही बाजू वापरल्या तर १६०. म्हणजे आठवण कधी करायची हे आधीच माहीत आहे. विक्रीच्या नोंदवहीत गिऱ्हाइकाचं नाव, कापडाचा रंग आणि तारीख लिहा, आणि अडीच महिन्यांनी एकच निरोप पाठवा: त्याच मापात सध्या हे रंग आहेत. आधी विचारून, संमती असलेल्यांनाच.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर दोन गोष्टी. एका यादीत २५६ च जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला नाही त्याला निरोप जातच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेला. म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर "नवीन रंगांची खबर हवी असेल तर हा नंबर साठवून 'वही' एवढंच पाठवा" असं छापा. बिझनेस ॲपमध्ये कॅटलॉग भरून ठेवला की किंमत विचारणाऱ्याला थेट त्या वहीचा दुवा देता येतो.

आता पॅकिंग. कोपरे चेपतात याचं कारण बहुधा वही खोक्यात हलतेय. खोकं कानाशी धरून हलवा. आवाज आला तर परत उघडा.

वही आधी पातळ कागदात. मग चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या दुमडून केलेली टोपी, अशी की टोपीची कड वहीच्या कोपऱ्यापुढे ५ मिमी तरी येईल. मार टोपीला बसायला हवा. त्यावर बबल रॅपचे दोन वेढे, आणि तीन पदरी खोकं. तळ आणि झाकणाच्या सांध्यावर इंग्रजी एच आकारात चिकटपट्टी, नुसती मधली एक पट्टी उचकटते. पत्त्याच्या लेबलवरचा बारकोड चकचकीत पट्टीखाली झाकू नका, उजेड परावर्तित होऊन स्कॅनर वाचत नाही.

खोक्याचं माप जपून निवडा. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंमीमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. तुमच्या कुरिअरचा भाजक विचारून घ्या. तुमची वही साधारण ४१० ग्रॅम भरेल: पानांचेच ३०० होतात, पुठ्ठे ८०, बाकी कापड, अस्तर (कव्हराच्या आतून चिकटवलेला कागद), सरस. २५ × १८ × ५ चं खोकं घेतलं तर २२५० भागिले ५००० म्हणजे ४५० ग्रॅम. प्रत्यक्षातही सगळं मिळून ५०० च्या आत बसतं. खोकं २५ × २० × ६ झालं की ६०० ग्रॅम. दर ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी असेल तर वही तीच आणि पैसे पुढच्या टप्प्याचे.

पॅकिंग पक्कं झालं की खराब निघालेली एक वही घालून खोकं साधारण ७५ सेंमीवरून १० वेळा टाका: एकदा कोपऱ्यावर, त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या ३ कडांवर, मग ६ बाजूंवर. उघडून बघा.

आणि ताजी वही लगेच प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका. सरस वरून कोरडा वाटतो, पण पुठ्ठ्यात ओल असते. दोन दिवस वजनाखाली, अस्तराच्या आत टीपकागद घालून, टीपकागद एकदा बदलून. नाहीतर प्रवासात कव्हर वाकतं, आणि ओल जास्त असेल तर बुरशी धरते. कव्हर नेहमीच वाकत असेल तर पॅकिंगचा दोष नाही; पुठ्ठा, कापड आणि अस्तर यांचा ग्रेन (तंतूंची दिशा) कण्याला समांतर आहे का ते तपासा.

जांगड_की_रोख

दुकानाबद्दल. जांगडीला ४० टक्के हा दर अवाच्या सव्वा नाही. दुकान रोख घेणार असेल तर साधारणपणे निम्म्या किमतीत मागतं, म्हणजे १०० च्या वहीचे ५० हातात, पण आजच. जांगडीत ६० हातात, पण विकली तर आणि विकली तेव्हा. शिवाय आकडेमोड यांनी दाखवलेल्या १०५ मिनिटांतली फोटो, निरोप, पॅकिंगची २२ मिनिटं दुकानाच्या विक्रीत जवळजवळ वाचतात, तेव्हा ४० च्या ४० टक्क्यांना तोटा म्हणू नका.

खरा धोका माल अडकण्याचा. १० वह्या कप्प्यात पडून राहिल्या तर तुमचं १४ तासांचं काम तिथे बसलंय. म्हणून सुरुवात ६ वह्यांनी करा, तीन रंग, प्रत्येकी दोन. आणि दोन प्रतींत यादी, दुकानदाराच्या सहीची. यादीत नग, रंग, प्रत्येकाची विक्री किंमत, कमिशन, मुदत (६० दिवस बरे), पैसे महिन्याच्या कोणत्या तारखेला, आणि मुदत संपल्यावर न विकलेला माल कोण कोणाकडे पोचवणार. सगळ्यात महत्त्वाचं, जे बोलायला संकोच वाटतो: हरवलं, चोरीला गेलं, मळलं तर भरपाई कोणाची. ताब्यात असताना दुकानाची, असं लिहून घ्या. सवलत लावायची झाली तर तुम्हाला विचारून, आणि ती दुकानाच्या वाट्यातून.

एक वही नमुना म्हणून द्या, विकायची नाही, मागे तसा शिक्का मारून, सोबत दोऱ्याने बांधलेलं पेन. लोक तीच उघडतील, तीवरच लिहून बघतील आणि बाकीच्या सहा कोऱ्या राहतील. नमुना दिला नाही तर महिन्याभरात सहाही वह्यांचे कोपरे काळे होतात. आणि वह्या काचेच्या दर्शनी बाजूला उन्हात ठेवू देऊ नका, रंगीत सुती कापड एका बाजूने उडतं. दर १५ दिवसांनी जाऊन मोजा आणि रंग अदलाबदल करा. मुदतीत सहापैकी दोनही गेल्या नाहीत तर कटुता न आणता माल उचला. त्या दुकानाचं गिऱ्हाईक तुमचं नव्हतं.

जुजबंदी_वही

दुकानाला ६ वह्या आणि एक नमुना, असं कळवते. खोकं माझं २८ × २२ × ८ चं होतं, म्हणजे जवळपास एक किलोचे पैसे भरत होते!

शेवटचा प्रश्न. कालच एका कार्यालयाने १०० वह्या विचारल्या आहेत, कव्हरवर त्यांचं बोधचिन्ह हवं, तीन आठवड्यांत. घ्यावी का?

आकडेमोड

तीन आठवड्यांत नाही. ८३ मिनिटं गुणिले १०० म्हणजे १३८ तास. रोज ५ तास धरले तर २८ दिवस, एकही सुट्टी न घेता, आणि त्या काळात बाकी सगळी विक्री बंद. ४० दिवस मागा, किंवा ४० वह्या शिवलेल्या आणि ६० साध्या, मध्ये टाचलेल्या एकाच जुजाच्या, असा पर्याय वेगळ्या किमतीसह द्या.

घेतलीत तर निम्मी रक्कम कामाआधी, कारण कागद-कापड एकदम घ्यावं लागेल. कापड एकाच थानातलं घ्या. दुसऱ्या थानाचा रंग किंचित वेगळा निघतो आणि १०० वह्या शेजारी ठेवल्या की तो डोळ्यांत भरतो. ५ वह्या जास्तीच्या धरा. संख्येसाठी सूट मागतील. ती खरेदीत साहित्याचे जितके पैसे वाचतील तेवढीच द्या, शिवणीची ३५ मिनिटं शंभराव्या वहीलाही ३५ च राहतात.

गठ्ठा_बांधणी

बोधचिन्हाचं आधी विचारा. सुती कापडावर फॉइल (गरम ठशाने उठवलेला चकचकीत वर्ख) नीट बसत नाही, विणीच्या खाचांत तुटक दिसतं, आणि बारीक अक्षरं एकमेकांत मिसळतात. चिन्हाखाली एखादं बारीक ब्रीदवाक्य असतंच. ते काढायला सांगा. त्याच कापडाच्या तुकड्यावर, खाली तोच २ मिमीचा पुठ्ठा ठेवून, एक नमुना उठवून घ्या आणि त्यावर त्यांची लेखी संमती आल्याशिवाय कापड कापू नका. ठसा कव्हर तयार झाल्यावर पण वही आत बसवण्याआधी उठवायचा, कारण तेव्हा कव्हर यंत्राखाली सपाट पडतं आणि चुकलं तर फक्त कव्हर जातं, वही वाचते.